एकाच छपराखाली ठेवलेले आवाज

मंडळी, मागे दाराशी उभे आहेत त्यांनी आत या. खुर्च्या संपल्या असतील तर सतरंजीवर बसा. काशीदादांना ते जास्त आवडलं असतं.

माझ्या आधी जे बोलले ते चांगलं बोलले. मला तसं जमेल असं वाटत नाही. घरून चार वाक्यं ठरवून आले होते. इथे दारात त्यांचा हार घातलेला फोटो बघितला आणि ती चारही विसरले. त्या फोटोत काशीदादा हसत नाहीयेत. हा माणूस न हसता बसलेला मी क्वचितच पाहिला. फोटोवाल्याने त्यांना कसं गप्प केलं कोण जाणे.

तुमच्यातले बरेच जण मला ओळखत नाहीत. मी फ्लोरा. पनवेल गावात तळ्याजवळ राहते. आम्ही बेने इस्रायल, कोकणातलेच ज्यू, पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारे. एका विमा कचेरीच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी केली, आता घरी असते. काशीदादा मला बाई म्हणायचे, म्हणून तुमच्यातलेही काही बाईच म्हणतात. मी कधी कोणाला शिकवलेलं नाही, पण आता ते नाव बसलं ते बसलं.

आणि काशीदादांची ओळख मी तुम्हाला काय करून देणार? रेती-खडीचे काशिनाथशेठ साऱ्या उलव्याला ठाऊक. जिथे बिल्डिंग उभी राहतेय तिथे त्यांचा डंपर. आवाज मोठा, हात सढळ, गाडीत कायम चण्यांची पुडी. मी त्यांना चिडवायचे, दादा, तुमचं गाव विमानतळात गेलं आणि त्याच विमानतळाच्या रस्त्याला तुम्ही खडी पुरवलीत. ते म्हणायचे, "पुरवली ना बाई. दुसऱ्यानं पुरवली असती त गाव परत आलं असतं का?" आणि हसायचे. ते हसणं नीट ऐकलं तर फार बरं वाटायचं नाही.

आमच्या आळीतले चार जण आलेत, त्यांच्यासाठी सांगते. यांचं गाव उठलं. काही घरं करंजाड्याला गेली, काही उलव्याला, काही सुकापूरला भाड्याच्या खोल्यांत. सगळं हलत होतं तेव्हा हा माणूस डंपर ड्रायव्हरवर सोडून म्हाताऱ्यांच्या मागे फिरत होता. धवलारणींच्या. धवलारीण म्हणजे लग्न लावणारी बाई. मांडवात धवले गाते आणि त्या गाण्यांनी लग्न लागतं. हे कुठे लिहिलेलं नसतं. सासूच्या तोंडून सुनेच्या तोंडी, एवढीच त्याची वाट. दादांची आई धवलारीण होती. दादांनी आईला बसवून सगळे धवले रेकॉर्ड केले. मग बाकीच्या म्हाताऱ्यांकडे गेले, एकीलाही सोडलं नाही.

मी ते ऐकलेले आहेत. एका धवल्यात मागे कोंबडी ओरडते. एकात कोणीतरी म्हणतं, "आये, च्या घे." एकात लांबून जेसीबीचा आवाज येतो, जवळ जवळ येत जातो, आणि ती बाई गायची थांबत नाही. त्या गाण्यांत तुमच्या गावची विहीर आहे, खाजणातली वाट आहे, वेशीवरचा उंबर आहे, नावानिशी. ती विहीर आता धावपट्टीखाली आहे. गाण्यात नवरी अजून तिथून पाणी भरते.

थांबते जरा. जाऊ दे ते विमान.

तर, आमच्या बिल्डिंगचं प्लास्टर चाललं होतं. रेती उतरवायला दादा स्वतः आले आणि पाणी मागायला माझ्या दारात उभे राहिले. मी कॉम्प्युटरवर काहीतरी करत होते. त्यांनी बघितलं आणि पाणी प्यायचं विसरून विचारलं, "बाई, आवाज ठेवायला कुठं पक्की जागा भेटते का?" सगळी रेकॉर्डिंग उलव्याच्या ऑफिसात एका हार्ड डिस्कवर होती. उलव्यात धूळ किती, तुम्हाला सांगायला नको. डिस्क मधूनच टकटक करायला लागली होती. बिचारे झोपत नव्हते.

मी म्हटलं, क्लाउडवर ठेवू. त्यांनी वर बघितलं. मी म्हटलं, दादा, वर नाही, जमिनीवरच. कंपन्यांच्या मोठ्या इमारती असतात, तिथे आपण जागा घ्यायची. कुठे आणि कशी ठेवायची हे आपण निवडायचं. ते निवडण्यातच सगळं आहे. एक पर्याय असा, की तुमच्या तीन प्रती होतात पण तिन्ही एकाच इमारतीत. दुसरा असा, की त्याच शहरात वेगवेगळ्या तीन इमारतींत. आणि तिसरा, की इथल्या प्रती इथे राहतात आणि शिवाय आणखी प्रती दूर, दुसऱ्या प्रदेशात, समजा हैदराबादेत. इकडे काहीही झालं, इमारत गेली, सगळं शहर पाण्यात गेलं, तरी तिकडे आवाज राहतो. दादांनी क्षणभरही विचार केला नाही. तिसरा, म्हणाले. पण आवाज एकट्या काशिनाथचे नव्हते. गावाचे होते. म्हणून प्रश्न गावकीत गेला.

आता पुढचं बोलणं काहींना झोंबेल. झोंबू दे.

त्याच सुमारास एका डीजेने कोणाच्या तरी फोनमधून एक धवला उचलला होता. खाली ढोल टाकला आणि कुठल्याशा हळदीत वाजवला. दारू पिऊन लोक त्यावर नाचले. ज्या बाईचा तो आवाज होता ती तेव्हा जिवंत होती. तिने ऐकलं आणि पुन्हा मांडवात गायली नाही. गावकी पेटली, आणि पेटायलाच हवी होती. त्या बैठकीला दादा मला समजावून सांगायला घेऊन गेले. हिराजी आबा, तुम्ही मध्ये बसला होतात. तुम्हीच सगळ्यांत वडील.

मी तीन पर्याय सांगितले. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमचं गाव फुटलं. तीन ठिकानी गेलं. आता आयांचा आवाज तरी एका छपराखाली ऱ्हाऊ द्या. तो नाय फोडायचा."

 एका बाईने डोळ्यांना पदर लावला. आणि ते खरं होतं. मग कोणीतरी मागून म्हणालं, आमच्या आयांनी पनवेलच्या पुढची एसटी नाय बघितली, त्या हैदराबादला काय करतील? लोक हसले. आणि त्या हसण्यात निर्णय झाला. मी म्हणत राहिले, अहो, आवाज फुटत नाही, दोन्हीकडे अख्खाच्या अख्खा असतो. कोण ऐकतंय? सगळे म्हणाले, तीन प्रती होतायत ना एका जागी? मग झालं.

दादा उठले. त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती, ते मिठागरात वाढलेले. म्हणाले, "आबा, एकाच बांधावर मिठाच्या तीन राशी रचल्या, आनि उधाणाला त्याच बांधाला खांड गेली, त किती राशी ऱ्हातात?"

 तुम्हाला उत्तर माहीत होतं आबा. तुमच्या डोळ्यांदेखत राशी विरघळल्या आहेत. पण तोपर्यंत नारळ पुढे आला होता. गावदेवीच्या नावाने नारळ फुटला. ठरलं की सगळे आवाज एका जागी, आणि बाहेर एकही प्रत नाही. फोनमध्ये नाही, डिस्कवर नाही, त्या डीजेकडेही नाही. आवाज क्लाउडवर चढवून झाल्यावर ती जुनी डिस्क देवीसमोर ठेवली आणि सगळ्यांच्या साक्षीने कोरी केली. तेव्हा मला भीती वाटली. कोणाला बोलले नाही, पण घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

तुमच्याकडे रीत आहे. देवीच्या नारळावर ठरलेलं मोडायचं तर पुन्हा घरटी एक माणूस जमायला हवा. एकही घर कमी चालत नाही. जुन्या गावात हे सोपं होतं. कोणीतरी ओट्यावरून हाक मारायची आणि गाव जमायचं. आता हाक मारायची कुठून? करंजाड्याची हाक उलव्याला ऐकू येते का?

हे दुखणं मला नवं नाही. आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहा नसले तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. माझ्या लहानपणी दहा म्हणजे किरकोळ गोष्ट होती. आता फोनवर फोन करून जमवावे लागतात, कारण माणसं इस्रायलला गेली. पण एक सांगते. माझी मावशी तिकडे वाळवंटातल्या एका गावात आजही मराठी गाणी म्हणते, हळदीची, मेंदीची. इथे ती गाणी येणारं कोणी उरलेलं नाही. मला एखादी ओळ अडली की मी तिला फोन लावते आणि ती फोनवर गाते. आमचे लोक पांगले म्हणून ती गाणी राहिली. हे मी दादांना सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "बाई, तुमी तुमच्या पायानं गेलात. आमाला उचलून टाकलं. म्हनून आमचे लोक पांगायला भितात."  मी त्या दिवसानंतर आबांवरचा राग थोडा कमी केला. थोडाच.

मग गेल्या पावसाळ्यात ते झालं. एका सकाळी दादांनी आईचा आवाज लावायला घेतला आणि तो लागेना. त्यांनी मला फोन केला, माझ्याकडेही लागेना. जिथे आवाज ठेवले होते त्या इमारतीचीच वीज आणि थंडावा देणारी यंत्रं बंद पडली होती. संध्याकाळपर्यंत दादा माझ्या घरी बसून होते. हा बोलका माणूस दिवसभर तोच एक धवला पुन्हा पुन्हा लावून बघत होता. मी चहा केला, तो तसाच गार झाला. दिवेलागणीला आवाज परत आले. गावकीत हे कळलं तेव्हा लोक काय म्हणाले, आठवतंय? बघा, आले ना परत? उगाच बाई घाबरवते.

मी घाबरवत नव्हते. मी घाबरले होते. काशीदादाही घाबरले होते. त्या दिवसानंतर त्यांचं हसणं कमी झालं, वहिनी इथे बसल्या आहेत, त्यांना विचारा.

एकदा मी हट्टाला पेटले. खातं माझ्या कॉम्प्युटरवर उघडलं होतं. पर्याय बदलायला फारसं काही लागत नाही, एक बटण. म्हटलं, दादा, मी दाबते. कोणाला कळणारही नाही. आया इथेही राहतील, तिथेही राहतील. माझं बोट तिथे होतं. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "चोरून नाय बाई. गावाचा शब्द मोडून आयेचा आवाज वाचवला, त ती मला काय म्हनेल? गाव जमवू. सगल्यांसमोर करू."

मला राग आला होता. आजही आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावले आहे.

आणि मग ते गाव जमवायला निघाले. मंडळी, तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी ते आले होते. कोणी म्हणालं साइटवर स्लॅब आहे. कोणी म्हणालं मुलीची परीक्षा झाली की बघू. कोणाची कोर्टाची तारीख, कोणाच्या भावाशी बोलणं नाही म्हणून भाऊ येणार तिथे हा येणार नाही. कोणी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर निदान ते भांडले असते. सगळे म्हणाले, येतो ना दादा, ठरवा तुम्ही. ते ठरवायचे, चटया घालायचे, आणि थोडी माणसं येऊन चहा पिऊन जायची. पुन्हा ते निघायचे. करंजाडे, उलवे, सुकापूर, पुन्हा करंजाडे. छातीत दुखतं हे त्यांनी वहिनींनाही सांगितलं नाही.

ते कुठे गेले, तुम्हाला माहीत आहे. उलव्याला, एका बिल्डिंगखाली, स्वतःच्या गाडीत. वर एका घरी जायचं होतं, पुन्हा एकदा विचारायला. कोणाच्या घरी ते मी बोलणार नाही. तो माणूस इथे बसला आहे आणि त्याला माहीत आहे.

आता मला जे सांगायला आणलंय ते सांगते. मनीषा, बोलू ना? दादांची लग्नाची लेक मनीषा. काल ती माझ्याकडे आली. म्हणाली, बाई, उद्या सभेत भाषणं नकोत, बाबांना आजीचा धवला ऐकवू. त्यांना तेच आवडेल. मी म्हटलं, चांगलं आहे, आत्ता काढून ठेवते.

लागला नाही.

मी पुन्हा बघितलं. एकही लागत नाही. आजीचा नाही, कोणाचाच नाही. मी कंपनीत फोन केला. फार वेळाने एक मुलगी बोलली, आवाज मऊ, शिकवलेला. त्या इमारतीत आग लागली होती, म्हणाली. प्रयत्न चालू आहेत. मी विचारलं, तीन प्रती होत्या, एखादी तरी असेल? ती म्हणाली, मॅडम, तुमच्या पर्यायात तिन्ही तिथेच होत्या. मी म्हटलं, ते मला माहीत आहे बाळा, मी विचारतेय एखादी उरली आहे का. ती म्हणाली, आत्ता काही सांगता येणार नाही. आज सकाळी विचारलं, आताही तेच उत्तर. इथे यायच्या आधी पायरीवर उभी राहून पुन्हा विचारलं. तेच.

गडबड करू नका. बसा. हो, खरं आहे. बसा.

ज्या बायांनी ते गायलं त्या गेल्या, आणि सुनांनी ते शिकून घेतलंच नाही. एक आहेत, आपल्या सखूआजी, त्या अंथरुणाला खिळल्यात आणि स्वतःच्या मुलालाही ओळखत नाहीत. कोणी मला विचारेल की पुन्हा रेकॉर्ड करू, तर कोणाकडून करायचं ते आधी सांगा.

आणि आता आजूबाजूला बघा. मनीषा सकाळपासून दारात उभी होती. ती सांगते, एकही घर राहिलेलं नाही. करंजाड्याची सगळी आली आहेत, उलव्याची आली आहेत, सुकापूरची आली आहेत. एकमेकांशी न बोलणारे भाऊसुद्धा एका सतरंजीवर आहेत. दादांनी मरेपर्यंत हाका मारल्या तेव्हा तुम्ही आला नाहीत. आज कोणी बोलावलं नाही तरी आलात.

मी तुमच्यातली नाही. मला हे विचारायचा हक्क नाही. पण ज्याला हक्क होता तो त्या फोटोत आहे, म्हणून विचारते. सुतकात नारळ फुटत नाही, मला माहीत आहे. तो तेरावा झाल्यावर फोडा. आज फक्त हात वर करा. जे काही परत मिळेल, एक ओळ मिळो की एक खोकला मिळो, ते लगेच दूरही ठेवायचं. हैदराबादेत ठेवायचं, जमलं तर आणखी लांब. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा.

आबा काही म्हणताहेत. जरा गप्प राहा, त्यांना बोलू द्या.

मागे ऐकू गेलं नसेल, मी सांगते. आबा विचारताहेत, "आता हात वर करून काय उपेग?"

माहीत नाही आबा. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. मला माहीत नाही.

वहिनींचा हात वर आहे. मनीषाचा आहे. तिकडे, खांबाजवळ, त्यांचाही. हो, दिसतायत मला. मागे दाराशीही दिसतायत. आबा, कोणी घाई करत नाही, तुमचा वेळ घ्या.

आला. आबांचाही आला. कोणीतरी कोपराला आधार द्या त्यांना.

घ्या खाली. काशीदादा, ज्याच्यासाठी दारोदार फिरलात ते झालं. अख्खं गाव एका जागी बसलं आणि हो म्हणालं. पण दूर पाठवायला आता काही उरलं आहे की नाही, ते कोणालाच ठाऊक नाही.

मंडळी, उठा. आबांना बसू द्या. आता आपण दोन मिनिटं कोणी बोलणार नाही. फोन बंद ठेवा. एरवी ही शांतता आपण गेलेल्या माणसाच्या मानासाठी पाळतो, आणि ती संपली की आपापल्या घरी जातो. आज ती नीट ऐकून घ्या. मनीषाच्या लग्नात मांडवात कदाचित हीच असेल.